वर म्हणजे कुठं?



पैठण तालुक्यातल्या एका गावात गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाची बैठक होती. विषय रेशनकार्डाचा होता. पण बायका एकत्र बसल्या की विषय ठरवल्याप्रमाणे राहत नाही, आणि राहू नये. एक जण म्हणाली, "लेकरू चौथीत गेलं, पण येष्टीची पाटी वाचता येईना त्याला." दुसरी म्हणाली, तिच्या मुलीचंही तसंच. मग बोलता बोलता कळले की पहिली ते चौथी मिळून पंचेचाळीस मुलांच्या या शाळेत दोन शिक्षकांची पदे आहेत. त्यातले एक गुरुजी वर्षभर दुसरीकडे कामगिरीवर आहेत आणि उरलेल्या बाई चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसतात. त्यांना बोलावून विचारले. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मी काय करू? वरून शिक्षक देत नाहीत."

यावर पहिल्या बाईने विचारले, "वर म्हणजे कुठं?"

कोणालाच नीट सांगता आले नाही. केंद्रप्रमुख? त्यांच्याकडे आणखी एका केंद्राचा कारभार, ते सहा महिन्यांत फिरकले नव्हते. पंचायत समिती? तिथले गटशिक्षणाधिकारी प्रभारी. जिल्हा परिषद? तिथे तेव्हा प्रशासक, निवडून आलेले कोणी नव्हते. मंत्रालय तर मुंबईला. आणखी एक गंमत त्याच बैठकीत उघड झाली. प्रश्न विचारणारी बाई स्वतःच शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य होती. दोन वर्षांपासून. रजिस्टर घरी येई, ती सही करी. ही सही पोषण आहारासाठी लागते, असे तिला वाटत होते.

आमच्या मासिकाने आजवर शाळेचा प्रश्न मुलींच्या गळतीच्या अंगाने पुष्कळदा मांडला. या अंकात तो जरा वेगळ्या बाजूने मांडायचा आहे. शाळा मागे पडली तर जाब कोणी कोणाला द्यायचा आणि मदत कोणी कोणाला करायची, हा तो प्रश्न.

आपल्या जिल्ह्याला यात एक जुना इतिहास आहे, तो विसरून चालणार नाही. १९९४ मध्ये केंद्र सरकारने जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी जिल्हे निवडण्याची मुख्य कसोटी होती स्त्रियांची साक्षरता. जिथे ती देशाच्या सरासरीहून कमी, तो जिल्हा पात्र. १९९१ च्या जनगणनेत देशाची स्त्री-साक्षरता जेमतेम ३९ टक्के होती. महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात पाच जिल्हे निवडले गेले, तेव्हाचा औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद. पाचही मराठवाड्यातले. आपल्या आया आणि सासवा वाचू शकत नव्हत्या, म्हणून जागतिक बँकेचे कर्ज आणि केंद्राचा पैसा या पाच जिल्ह्यांत आला. त्यांच्या निरक्षरतेवर हा कार्यक्रम उभा राहिला, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

त्या कार्यक्रमाची उद्दिष्टे आज वाचली तरी बरी वाटतात. मुलगे आणि मुली यांच्यातली तफावत पाच टक्क्यांच्या आत आणायची, गळती दहा टक्क्यांच्या आत आणायची, मुलांचे शिकणे आधीच्या पातळीपेक्षा पंचवीस टक्क्यांनी वाढवायचे. पण खरी नवी गोष्ट होती ती यंत्रणेची. तालुक्याला गटसाधन केंद्र, दहा-पंधरा शाळांना मिळून समूह साधन केंद्र. शिक्षकांनी महिन्यातून एकदा जमायचे, अडचणी मांडायच्या, एकमेकांकडून शिकायचे. राज्य सरकारनेही १९९४ मध्येच केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना आणली. राज्यभर ४,८६० पदे. यामागची कल्पना साधी होती. तपासायला येणाऱ्या साहेबाऐवजी हाताशी येणारा, स्वतः फळ्यासमोर उभा राहून धडा घेऊन दाखवणारा जुनाजाणता शिक्षक शाळेला मिळावा.

पुढे प्रकल्प संपला. सर्व शिक्षा अभियान आले, २०१८ मध्ये त्याचे समग्र शिक्षा झाले. पाट्या बदलल्या, इमारती राहिल्या. केंद्रप्रमुखाचे मात्र हळूहळू टपाली झाले. वरची माहिती खाली द्यायची, खालची वर. शिक्षण परिषद नावाची ती मासिक बैठक बहुतेक ठिकाणी परिपत्रके वाचून दाखवण्यात संपते. आणि पदे रिकामी पडत गेली, ती वर्षानुवर्षे भरलीच नाहीत. २०२३ मध्ये त्यासाठी परीक्षेची जाहिरात निघाली, तोवर बहुतेक तालुक्यांत एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रे सोपवून झाली होती. चाळीस शाळांचा भार असलेला माणूस कोणत्या शाळेत तासभर बसणार? तो फोन करून आकडे विचारतो. आकडे मिळतात.

शिक्षकांचीही हीच कथा. मे २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरतीवर बंदी घातली. अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत नवी भरती नाही, असे कारण होते. ते 'होईपर्यंत' किती लांबले ते डी.एड. होऊन घरी बसलेल्या हजारो मुलींना विचारा. आपल्याकडे डी.एड. हा मुलीच्या लग्नाआधीचा एक सुरक्षित मार्ग समजला जाई. आईबापांनी शेताचा तुकडा गहाण टाकून मुलींना शिकवले, आणि नोकरीच नाही. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी २०२३ मध्ये. इकडे शिक्षण हक्क कायद्याचे २६ वे कलम सांगते की मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवता येणार नाहीत. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सरकारने तो मोडला म्हणून कोणत्या सचिवाची वेतनवाढ थांबली, असे आम्ही तरी ऐकले नाही.

शिक्षकांच्या बाबतीत मात्र जाब विचारण्याचा उत्साह दांडगा. २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, गंगापूरच्या आमदारांनी शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, तरी घरभाडे भत्ता उचलतात हा प्रश्न लावून धरला. शिक्षकांनी शहरात मोठा मोर्चा काढला. दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. आमचे मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. खोटा दाखला देऊन भत्ता उचलणे गैरच आहे, आणि साडेदहाला येऊन चारची गाडी पकडणाऱ्या गुरुजींचा राग गावातल्या बायकांइतका कोणालाच नसेल. पण मुख्यालयी राहण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी एकट्या शिक्षिकेला गावात खोली कोण देतो, खोलीला संडास आहे का, रात्री दार वाजले तर ती कोणाला हाक मारणार, हे कधी विचारले आहे काय? शिक्षिकांसाठी निवासस्थाने बांधा, ही मागणी ना आमदारांनी लावून धरली ना संघटनांनी. संघटनांच्या व्यासपीठावर बायका किती होत्या तेही त्या दिवशीचे फोटो पाहून मोजता येईल.

असो. मुद्दा हा की जाब नेहमी खालच्या पायरीवरच विचारला जातो. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. नांदेड जिल्ह्यात आधी झालेल्या तपासणीने डोळे उघडले म्हणून सगळ्या महाराष्ट्रात तीन दिवस मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली. हजेरीपटावर असलेली पण वर्गात न सापडलेली मुले निघाली सुमारे वीस लाख. तांदूळ, गणवेश, पुस्तके, अनुदान सगळे त्या कागदी मुलांच्या नावावर उचलले जात होते. ती तपासणी हवीच होती. पण ज्या अधिकाऱ्यांच्या सहीने दरवर्षी तो पट मंजूर झाला त्यांचे काय झाले, याची चर्चा शाई वाळायच्या आतच संपली. मग खटले आणि सुनावण्या चालल्या त्या संस्थाचालकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या.

२०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आले. प्रत्येक मूल शिकले पाहिजे, आणि ते शिकले की नाही हे तपासून शाळा 'प्रगत' ठरवायची. हेतू चांगला होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. त्यातून काही शिक्षकांना खरोखरच हुरूप आला. पण वरून 'किती शाळा प्रगत झाल्या' असा फोन रोज यायला लागला की खालून काय उत्तर जाणार, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. तालुकेच्या तालुके प्रगत झाले. लेकरांना येष्टीची पाटी वाचता येईना ती येईनाच. २०२४ च्या 'असर' पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमध्ये तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचता आला तो सुमारे २३ टक्क्यांना. २०२२ मध्ये, कोरोनाच्या बंद शाळांनंतर, हे प्रमाण १६ टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे, पण चारांतली तीन मुले अजून मागेच आहेत.

हा खेळ फक्त आपल्याकडेच होतो असेही नाही. अमेरिकेने २००२ मध्ये कायदा करून दरवर्षीच्या परीक्षेतल्या गुणांवर शाळांना पास-नापास करायला सुरुवात केली. नापास शाळेवर कारवाई, शिक्षक बदली, शेवटी शाळा ताब्यात. अटलांटा शहरात शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून गुण वाढवल्याचे उघड झाले आणि २०१५ मध्ये त्यांतल्या काहींना न्यायालयाने दोषी ठरवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे कायदा बदलला. आता प्रत्येक राज्याने सर्वांत मागे असलेल्या पाच टक्के शाळा ओळखायच्या आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र सुधारणा आराखडा करून त्यांना मदत द्यायची, असे ठरले. तो कायदाही काही स्वर्ग नाही. पण त्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मागे असलेली शाळा शोधली की पहिले पाऊल मदतीचे टाकायचे, आणि ती जबाबदारी राज्याची.

आपल्याकडे मागे पडलेली शाळा सापडली की पहिला विचार येतो तो ती बंद करण्याचा. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये 'समूह शाळा' हा शब्द आला. वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांवर शाळांची यादी झाली, त्यांत १ लाख ८५ हजार मुले होती. एकत्र मोठी शाळा, चांगली प्रयोगशाळा, मैदान, बसची सोय. ऐकायला वाईट काहीच नाही. पण पट कमी का झाला, हे त्या यादीत लिहिलेले नसते. दोन शिक्षकांपैकी एक काढला, की ज्यांना परवडते ते आईबाप मुलग्याला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतात. मागे राहतात मुली, आणि दलित, भटक्या, आदिवासी, ऊसतोड मजुरांची मुले. मग पट कमी म्हणून उरलेला शिक्षकही जातो. शाळा आधी उपाशी ठेवायची आणि मग अशक्त झाली म्हणून तिला काढून टाकायची.

दुसऱ्या गावची शाळा म्हणजे काय, हे मुलीच्या आईला विचारा. आपल्याच गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुले जायकवाडीच्या फुगवट्याच्या पाण्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जातात, ही बातमी २०२३ च्या ऑगस्टमध्ये देशभर छापून आली. पाण्यातल्या सापांना हाकलायला हातात काठी. धरण होऊन जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. पाणी नसेल तिथे रस्त्यावरचे टोळके असते, आणि ते नसेल तिथे त्याची भीती असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचे प्रमाण राज्यात जवळपास २२ टक्के होते, बीडमध्ये ४३ च्या वर, परभणीत ४८. शाळा दोन मैलांवर गेली की या आकड्यांत आणखी कोणाची भर पडेल, हे वेगळे सांगायला नको. मानव विकास मिशनचे मुख्य कार्यालय आपल्याच शहरात आहे, आणि त्यांच्या निळ्या बसनी २०११ पासून १२५ तालुक्यांत आठवीपुढच्या मुलींना शाळेत पोहोचवले आहे. म्हणजे सरकारने ठरवले तर जमते. पण सहा वर्षांच्या पोरीला त्या बसमध्ये कोण बसवून देणार, आणि बस आली नाही त्या दिवशी तिला परत कोण आणणार?

याच काळात एक उफराटा प्रयत्नही झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट दिली गेली. जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. सरकारी शाळा जवळ आहे म्हणून खासगीत जाऊ नका, आणि पट कमी आहे म्हणून सरकारी बंद. गरिबाच्या मुलीने मग जायचे कुठे?

आता त्या सहीच्या रजिस्टरकडे वळू. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. २२ व्या कलमाप्रमाणे या समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा, आणि सरकारने अनुदान त्या आराखड्याच्या आधारे द्यायचे. पुन्हा वाचा. खालून मागणी जाईल, वरून पैसा येईल, असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात वरून रक्कम येते आणि तिच्यासोबत ती कशावर खर्च करायची याचे पत्रही येते. तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान दहा हजार रुपये. त्यात वीजबिल, खडू, झाडू, दुरुस्ती, सगळे बसवायचे.

गणवेशाचे प्रकरण आठवा. पूर्वी समितीकडे एका गणवेशाचे तीनशे रुपये येत. समिती कापड घेई, गावातल्या नाहीतर जवळच्या शिंप्याकडून शिवून घेई. गडबडी होत, नाही असे नाही. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' आले. कापड वरून घेतले गेले, आणि शिवणकाम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या बायकांना दिले. बायकांना काम मिळणार म्हणून आम्हीही आधी खूश झालो होतो. पण मापे कोणी घेतली नाहीत, कापड उशिरा आले, शिलाई परवडेना. झेंडावंदनाला कित्येक शाळांत मुले जुन्याच कपड्यांत, आणि गणवेश आले तेव्हा कोणाला बाही कोपरापर्यंत तर कोणाला चड्डी घोट्यापर्यंत. वर्तमानपत्रांनी दोष दिला तो शिवणाऱ्या बायकांना. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवून गणवेशाचा अधिकार पुन्हा समित्यांकडे दिला. वर घेतलेल्या निर्णयाची फजिती झाली, ती बायकांच्या नावावर जमा झाली, आणि निर्णय घेणारा कोण होता हे कोणी विचारले नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईचे मानधन २०२३ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार केले तेव्हा त्याची जाहिरात झाली. महिन्याचे अडीच हजार. पण खिचडीत अळी निघाली तर पहिली नोटीस तिलाच.

मदत दिली तर शाळा उभी राहते, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या भागातल्या चाळीसएक जिल्हा परिषद शाळांमध्ये ज्ञानरचनावादी पद्धत आणली. फरशीवर आखलेली अक्षरे, बांगड्या, काड्या, खडे, आणि मुख्य म्हणजे शिक्षकाच्या शेजारी बसणारी अधिकारी. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. आपल्या तालुक्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत मुले जपानी भाषा शिकतात, हे अनेकांनी वाचले असेल. मुलांनीच ती भाषा निवडली, यंत्रमानवाच्या विद्येसाठी. पण अशा उदाहरणांचा एक दुरुपयोग होतो, त्याविषयी सावध राहिले पाहिजे. 'ते करू शकतात तर तुम्ही का नाही' असे म्हणत बाकीच्या शाळांच्या तोंडावर ती मारली जातात. भराडे बाईंच्या हाताखाली भेट देता येईल इतक्याच शाळा होत्या, हे कोणी सांगत नाही. एका माणसाकडे तीन केंद्रे देऊन कुमठे होत नसते.

म्हणून आमची भूमिका अशी की शाळेला जाब विचारण्याआधी शाळेला काय दिले याचा हिशेब जाहीर व्हावा. शाळेच्या भिंतीवर मुलांचे निकाल लावायचे असतील तर जरूर लावा. त्याच्या शेजारी मंजूर पदे किती, भरलेली किती, शिक्षक वर्षात किती दिवस इतर कामाला नेला, केंद्रप्रमुख किती वेळा आले आणि आल्यावर वर्गात किती वेळ बसले, अनुदान कोणत्या तारखेला मिळाले, हेही लिहा. शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून इतर बिगरशैक्षणिक काम देता येत नाही, असे २७ वे कलम म्हणते. तर मग दर आठवड्याला नव्या ॲपवर भरायची माहिती ही यांतली कोणती आपत्ती?

आणि 'वर म्हणजे कुठं' या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, ते आमच्यापैकीही अनेकींना माहीत नव्हते. ३२ वे कलम. मुलाच्या शिक्षण हक्काविषयी कोणीही लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या यंत्रणेकडे, करू शकते. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. समाधान झाले नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. वकील लागत नाही. सही लागते, आणि ती करायची सवय तर आपल्याला आहेच.

पैठणच्या त्या गावातल्या सात जणींनी तसा अर्ज लिहिला. त्यांच्यातल्या दोघींनी आधी समितीचे जुने रजिस्टर मागवून आपण कशाकशावर सह्या केल्या ते दुसऱ्या मुलीकडून वाचून घेतले. त्यात एक ठराव असा निघाला की शाळेत शिक्षकसंख्या पुरेशी आहे. खाली त्यांचीच सही. तो ठराव बदलून घ्यायला दोन बैठका लागल्या, आणि बाईंनीही आडकाठी केली नाही. उलट मजकूर दुरुस्त करून दिला. अर्ज गेला त्याला आता सात आठवडे झाले आहेत. पोच मिळाली आहे, शिक्षक अजून आलेला नाही. आपापल्या गावच्या गटांनी समितीचे रजिस्टर पाहून, त्यात काय सापडले ते पुढच्या अंकासाठी आम्हाला कळवावे. लिहिता येत नसेल तर सांगावे, आम्ही लिहून घेऊ.